साक्षीदारांनी खाल्लेला विक्रम

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणी ना कोणी आपल्या कामाबद्दल लिहितं. कंप्युटरवाले कंप्युटरबद्दल लिहितात. त्यातलं मला निम्मं कळत नाही, तरी मी शेवटपर्यंत वाचते, कारण मराठी छापलेलं इथे हाताला फार लागत नाही. यंदा ल्यूकन गावच्या एका मराठी बाईंनी मला म्हटलं, "मावशी, तुम्ही पण लिहा की. किचनमधल्या गमती." मी हसून विषय बदलला. चार लोकांत आपलं नाव छापून येणं माझ्याच्याने सोसायचं नाही. पण ते बोलणं डोक्यातून जाईना. म्हटलं, अंकाला नको, आपल्यापुरतं तरी लिहून ठेवू. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि होडी वेळेवर यायची नाही. त्यामुळे जमेल तसं लिहिते.

आम्ही इथे परदेशात, नावन नावाच्या गावात राहतो. हे इथल्या एका रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर आहेत. बाहेर पाटी इंडियन, मालक नेपाळी, तंदूरवर रत्नागिरीचा माणूस, आणि सगळ्यात जास्त खपतो तो गोड लाल रश्श्यातला चिकन टिक्का, जो आमच्यापैकी कोणीच घरी खात नाही. मला कामाची परवानगी मिळाली तेव्हा मालकांनी यांना विचारलं, "भाउजूला काय येतं?" भाउजू म्हणजे वहिनी. हे म्हणाले, "लाटणं हातात द्या आणि बाजूला व्हा." त्यांनी केलेलं माझं तेवढंच कौतुक. तेव्हापासून मी लाटते आहे.

मालकांचं नाव टेक. सगळे त्यांना दाई म्हणतात. नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ. त्यांची धाकटी बहीण काँछी माझ्या शेजारच्या टेबलावर मोमो वळायची. काँछी म्हणजे शेंडेफळ. तिचं कागदावरचं नाव वेगळंच आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघते की कोणाला बोलावताहेत. ती मला दिदी म्हणते आणि यांना भिनाजु, म्हणजे दाजी. आम्ही बोलतो मोडक्या हिंदीत. तिची हिंदी डोंगरातून उतरलेली, माझी समुद्रातून वर आलेली. मी इथे मराठीतच लिहिते, नाहीतर लिहिणं आणि वाचणं दोन्ही अवघड.

मोमो ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, तो मैद्याचा मोदकच. पोटात नारळाऐवजी कोंबडीचा खिमा, आणि तळायचा नाही, उकडायचा. पहिल्या दिवशी काँछीने मला तो दाखवला तेव्हा मी म्हटलं, "हा तर आमचा गणपतीचा मोदक!" ती म्हणाली, "तुमचा गणपती कोंबडी खातो?" मी कानाला हात लावले. ती हसून हसून खुर्चीवर बसली.

मोमोची लाटी लाटायची एक रीत आहे. मध्ये जाड, कडेला पातळ. लाटणं कडेपासून मध्यापर्यंत न्यायचं आणि परत फिरायचं, मधल्या बिंदूवरून पलीकडे जायचं नाही. दुसऱ्या हाताने लाटी फिरवत राहायची. मध्यभागी पातळ झाली तर रस गळतो, कड जाड राहिली तर चुण्या नीट पडत नाहीत आणि दाताखाली कच्चा गोळा येतो. एवढंच माझं शास्त्र. पुढचं सगळं काँछीचं. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी अशी चालायची की चुणी पडताना दिसायचीच नाही, पडलेली दिसायची. ती वळताना खाली बघतही नसे. दाईंशी भांडत असे, फोनवर गावाकडे बोलत असे, आणि खाली मोमोंची रांग वाढत असे.

आमची गिऱ्हाइकं प्रेमळ आहेत. एक गृहस्थ दर शुक्रवारी येतात, सुरीकाट्याने मोमो सोलतात, आतलं सारण खातात आणि सालं घडी करून ताटलीच्या कडेला ठेवतात. देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तशी. मला आधी वाईट वाटायचं, माझंच काम ते बाजूला काढतात म्हणून. मग बघितलं तर घडी इतकी व्यवस्थित असायची की राग कसा धरायचा? आणि भाद्रपद आला की ल्यूकनहून मोदकांच्या ऑर्डरी. "मावशी, पाकळ्या नीट दिसू द्या हं, फोटो काढायचाय." नैवेद्य कोणाला दाखवायचा, देवाला की फोनला, हे मी विचारत नाही.

पण सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न वेगळाच. दाई नेपाळचे आहेत असं कळलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मग तुम्ही एव्हरेस्ट चढलात का?" दाई हसून नाही म्हणतात. मग ते काँछीकडे बघतात. काँछीपण नाही म्हणते. मग त्यांचा चेहरा पडतो, जसं काही आम्ही मेन्यूतला पदार्थ संपला म्हणून सांगितलं. एकदा ती आत येऊन मला म्हणाली, "दिदी, तुला कोणी विचारतं का, समुद्र पोहून आलीस का म्हणून?"

यावरून विक्रमांचा विषय निघायचा. दाईंना त्याचा भारी नाद. आपल्या देशातल्या माणसांनी जगात काय काय विक्रम केले ते त्यांना पाठ. डोंगर चढण्याचे तर असतातच, पण ते दाईंना आवडत नाहीत, ते सगळ्यांना माहीत असतात म्हणून. त्यांना आवडतात ते भलतेच. कोणी दात घासायच्या ब्रशवर चेंडू फिरवत बसला. कोणी शिखरावर जाऊन लग्न लावलं. कोणी दिवसचे दिवस भाषण केलं, थांबलाच नाही. खरं किती आणि दाईंनी घातलेला मीठमसाला किती, देव जाणे.

"तुमच्याच लोकांना हे कुठून सुचतं?" यांनी एकदा विचारलं.

"जमीन सपाट नाही ना आमची," दाई म्हणाले. "सपाट जागी माणूस सरळ चालत जातो आणि कुठेतरी पोचतो. आमच्याकडे एक तर वर जायचं, नाहीतर बसल्या जागी काहीतरी करायचं."

काँछी मोमो वळता वळता म्हणाली, "वर जाणारे वर गेले. बसल्या जागी करणारी मी उरले."

ती थट्टा नव्हती. तिला खरंच विक्रम करायचा होता. एका तासात एका माणसाने सगळ्यात जास्त मोमो वळण्याचा. आपल्या गावाजवळच्या जत्रेत तिने एकदा केलाही होता, आणि जुन्या आकड्याच्या पुढे गेली होती, पण मध्येच वीज गेली आणि कॅमेरा बंद पडला. पुरावा नाही तर विक्रम नाही. मग लग्न, मग नवरा गेला, मग भावाकडे इथे. ते राहून गेलं.

आणि आता तिच्या मनगटाने दगा दिला होता. रात्री हाताला मुंग्या यायच्या, सकाळी बोटं उघडायची नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, आतली शीर दबली आहे, ऑपरेशन करावं लागेल. दुखणं जाईल, पण बोटांची चपळाई पहिल्यासारखी येईल असं वचन देत नाही. तारीखही मिळाली. काँछीने घरी येऊन दाईंना एवढंच सांगितलं, "त्याच्या आधी करायचा. हा हात माझा आहे तोवर."

दाईंनी विक्रमवाल्यांना कळवलं. त्यांचे नियम आले. दाईंनी ते किचनमध्ये मोठ्याने वाचून दाखवले आणि यांनी दर नियमाला एकेक शेरा मारला. लाट्या दुसऱ्याने लाटल्या तर चालतील, पण वळणारी एकच. प्रत्येक मोमो बंद हवा, चुण्या हव्यात, उकडल्यावर फुटता कामा नये. कॅमेरा सुरुवातीपासून मोजणी संपेपर्यंत एकसारखा चालू. दोन साक्षीदार, नात्यातले नाहीत, रेस्टॉरंटचे नोकर नाहीत. आणि मोजून होईपर्यंत एकही मोमो टेबलावरून हलता कामा नये.

"म्हणजे दाईंना बांधून ठेवा," हे म्हणाले.

लाट्या मी लाटायच्या असं काँछीनेच ठरवून टाकलं. मी म्हटलं, लोकांसमोर मला जमायचं नाही. ती म्हणाली, "तू लोकांकडे पाठ करून बस." नियम बघितले तर लाटणाऱ्याचे हातही कॅमेऱ्यात दिसायला हवेत. मग मी टोपी भुवयांपर्यंत खाली ओढायचं कबूल केलं.

साक्षीदार म्हणून दोघं मिळाले. एक नोरा, रिटायर झालेली शाळामास्तरीण. ताठ पाठ, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि बिलात चूक असेल तर स्वतःच्या तोट्याची असली तरी दाखवून देणारी. दुसरा फ्रँक, पूर्वी बस चालवायचा. तो आमचा रोजचा माणूस, आणि "काही हरकत नाही" याखेरीज दुसरं काही बोललेला मी ऐकला नव्हता. 'काही हरकत नाही' म्हणायला इथले लोक 'ग्रँड' म्हणतात. पाऊस ग्रँड, ऑपरेशन ग्रँड, सगळं ग्रँड.

गावातल्या क्लबचा हॉल घेतला. संध्याकाळी तिथे बिंगो, म्हणजे आपल्याकडचा हाउजी, असतो, त्याच्या आत उरकायचं होतं. त्या दिवशी हॉलमधला हीटर बिघडला होता. लोक कोट घालूनच बसले. नावनमधले आमची नेहमीची गिऱ्हाइकं, काही नेपाळी कुटुंबं ॲथलोनहून आलेली, मोमो सोलणारे ते गृहस्थसुद्धा. मी टोपी खाली ओढली आणि पिठाकडे बघायला लागले.

घंटा झाली. पहिली लाटी मी वाकडीच लाटली. काँछी ओठ न हलवता म्हणाली, "दिदी, भाद्रपद आहे असं समज. ल्यूकनची ऑर्डर आहे." तेवढ्याने माझं लाटणं ताळ्यावर आलं. त्यानंतर मी वर पाहिलं नाही. माझ्या हातून लाटी सुटायची आणि तिच्या हातात पडायची. मध्ये ती थांबल्याचं मला एकदाच जाणवलं. तिने उजवा हात झटकला, मूठ उघडली-मिटली, आणि परत सुरू. दाई मागे उभे राहून नुसते श्वास टाकत होते, इतके मोठ्याने की मला त्यांचाच ताल लागला.

परत घंटा झाली. काँछीने दोन्ही हात वर केले. टेबल पांढऱ्या मोमोंनी भरून गेलं होतं. कच्चे मोजून जुन्या आकड्याच्या बरेच पुढे आहोत हे सगळ्यांना दिसत होतं. आता फक्त उकडायचे आणि पुन्हा मोजायचे. मोठाली भांडी त्याच टेबलावर, कॅमेऱ्यासमोरच ठेवली होती. वाफ निघाली, हॉलमध्ये वास पसरला, आणि पहिल्यांदा लोकांनी कोटाची बटणं उघडली.

पहिलं भांडं उतरलं. एकही मोमो फुटला नव्हता. नोरा आणि फ्रँक मोजणीच्या खुर्च्यांवर बसले होते, नाकं लाल झालेली, हात काखेत घातलेले. नोराने चष्मा लावला.

आता पुढचं लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा आलं नव्हतं.

काँछीने त्या दोघांकडे पाहिलं. मग तिने काय केलं ते तिला स्वतःलाही नंतर आठवेना. तिने दोन ताटल्या घेतल्या, भांड्यातले गरम मोमो त्यांत वाढले, बाजूला टोमॅटोचं अचार घातलं, आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवल्या. डोकं जरासं झुकवून म्हणाली, "खानुस्." म्हणजे खा. फ्रँकने क्षणभरही वाट पाहिली नाही. आणि नोरा, ती नियमाची नोरा, तिच्यापुढे वाफाळलेली ताटली आली तशी तिनेही काटा उचलला. थंडीत इतका वेळ बसलेल्या माणसाला नियम कुठून आठवणार?

मी बघत होते. दाई कॅमेरावाल्याशी बोलत होते, हे भांडी उतरवत होते, बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. फ्रँकने दुसरा मोमो तोंडात टाकला. तेव्हा मी ओरडले. इंग्रजी सुचली नाही, हिंदी सुचली नाही, मराठीतच ओरडले, "अहो, खाऊ नका! ते मोजायचेत!"

आमच्या घरातदेखील मी एवढ्या मोठ्याने बोललेले नाही. फ्रँक तोंड भरलेलं तसंच ठेवून थांबला आणि त्याने घाबरून विचारलं, "यात काही होतं का?"

दाईंनी वळून पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं आणि ते होते तिथे जमिनीवर बसले.

नोराने काटा खाली ठेवला. तिने नियमांचा कागद काढला, वाचला, परत वाचला. तिचे गाल लाल झाले, थंडीने नव्हे. "मोजणीच्या आधी टेबलावरून मोमो हलला तर सगळा प्रयत्न बाद," ती म्हणाली. "आणि हलून गेला तो माझ्याच पोटात."

फ्रँक हळूच म्हणाला, "मी खाल्ला नाही असं सांगू शकतो."

"फ्रँक," नोरा म्हणाली, "कॅमेरा चालू आहे."

"मग आणखी वळू? पीठ आहे," दाई जमिनीवरूनच म्हणाले. काँछीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मनगट सुजून वर आलं होतं. तिने बोटं मिटायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर थांबली. ती दाईंना म्हणाली, "पाहुणे थंडीत बसले होते, दाई. मी कशी बघत राहू?" मी तिच्या जागी असते तर मीही आधी चहा टाकला असता.

मग तिने पदराने, म्हणजे ॲप्रनच्या टोकाने, डोळे पुसले आणि सगळ्या हॉलला मोमो वाढायला सांगितले. लोकांनी आधी नको नको केलं, मग इतक्या आपुलकीने खाल्ले की बिंगोवाले येईपर्यंत भांडी चाटूनपुसून साफ झाली होती. बिंगोवाल्यांना शेवटचे मिळाले. सोलणाऱ्या गृहस्थांनी त्या दिवशी मोमो सालासकट खाल्ला. हे मला यांनी कोपराने ढोसून दाखवलं. भांडी धुताना मात्र काँछीच्या हातून झाकण निसटलं, आणि ते उचलायला ती वाकली नाही. तशीच उभी राहिली. झाकण मी उचललं.

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. उजव्या हाताला पट्टी आणि आधाराची फळी. कितीतरी आठवडे त्या हाताने काही उचलायचं नाही. किचनमध्ये तर पाऊल ठेवायचं नाही, पट्टीचा हात अन्नाजवळ चालत नाही. दाईंचं घर रेस्टॉरंटच्या वरच आहे. दुपारी काम थंडावलं की मी वर जाऊन बसायचे. ती खिडकीतून बसस्टॉप बघत असायची. मोमोचं नावही काढायची नाही. मी म्हटलं, बरा होईल हात. ती म्हणाली, "दुखणं बरं होईल, दिदी. हात कोणाला माहीत."

मला समजावता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी उरलेल्या लाट्या आणि वाटीभर सारण घेऊन वर गेले. म्हटलं, "मला चुण्या शिकव. माझी चुणी मोदकाची पडते, मोमोची पडत नाही." ती तोंडाने सांगू लागली. अंगठा असा, बोट तसं. मला मुद्दाम नव्हे, खरंच जमत नव्हतं. वैतागून तिने माझ्या हातातली लाटी ओढली, डाव्या हाताने, आणि डाव्याच हाताने मिटायला लागली.

जे झालं ते आम्ही दोघींनी ताटलीत झाकून ठेवलं. संध्याकाळी यांनी ते पाहिलं आणि विचारलं, "हा मोमो आहे की बेडूक?"

"भिनाजु, बेडकाला पाय असतात," काँछी म्हणाली.

"याला पण फुटताहेत. ते बघा, सारण बाहेर येतंय."

त्या रागाने ती रोज बसायला लागली. लाटी टेबलावर ठेवायची, चमच्याने सारण घालायचं, मग डावा तळवा खाली सरकवून ती उचलायची. चार बोटांची वाटी करायची आणि अंगठ्याने कड ओढत चुण्या घालायच्या. मी लाटी थोडी मोठी आणि पीठ थोडं मऊ करून बघितलं. बेडकाची कोबी झाली, कोबीचा लसूण झाला, आणि एक दिवस मोमो झाला. दाईंना बोलावलं. ते बघत राहिले.

नोरा दर आठवड्याला यायची. त्या दिवसाची लाज तिच्या मनातून गेली नव्हती. कधी सोडा ब्रेड आणायची, कधी फुलं. त्या दिवशी ती आली तेव्हा काँछी डाव्या हाताने वळत होती. नोरा उभ्या उभ्याच म्हणाली, "एका हाताने वळायचा विक्रम आहे का कोणाचा?"

दाईंनी शोधलं. कोणाचाच नव्हता. जगात असं करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

काँछी म्हणाली, "डोंगरात दरड कोसळली की आम्ही घरी परत जात नाही. वळसा घालतो."

विक्रमवाल्यांना पुन्हा कळवलं. त्यांनी मान्य केलं, आणि किमान एवढे तरी झाले पाहिजेत असा एक आकडा बांधून दिला. आकडा बघून दाईंचा चेहरा उतरला. रोजच्या सरावात काँछी त्याच्या आसपास पोचायची, कधी जरा खाली, कधी जरा वर.

या वेळी हॉल नाही, गर्दी नाही. सोमवारी रेस्टॉरंट बंद असतं, तेव्हा पुढच्या खोलीतच टेबलं जोडली. साक्षीदार तेच. विक्रमवाल्यांना मागची हकीकत दाईंनी खरी खरी सांगितली होती, त्यांनी या दोघांनाच परत चालवून घेतलं. फ्रँक मात्र घरून जेवून आला होता, बायकोने त्याला तशी ताकीद दिली होती म्हणे.

काँछीचा उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताला हातमोजा. घंटा झाली. दोन हातांच्या वेळी ती वेगाने जायची, या वेळी ती सांभाळून चालली होती, निसरड्या वाटेवर पाय टाकावा तशी. एक मोमो हातातून उलटला. तिने तो बाजूला ढकलला, शिवी दिली, पुढचा घेतला. मी लाट्या तिच्या बोटाच्या अंतरावर सरकवत होते. या वेळी मी टोपी वर ठेवली होती, कारण तिचा हात मला दिसायला हवा होता. लोक बघताहेत हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

उकडून झाले. नोरा मोजायला बसली. तिच्या आयुष्यात तिने कुठल्याच पोराचा पेपर एवढा कडक तपासला नसेल. एकेक मोमो चिमट्याने उचलायची, उलटा करायची, उजेडात धरायची. जरा भोक दिसलं की बाजूला. "माफ कर हं, काँछी," म्हणायची आणि बाजूला. फ्रँकला राहवेना. "नोरा, तो चांगला होता!" "चांगला होता, बंद नव्हता." बाजूचा ढीग वाढत होता. दाईंनी तोंड भिंतीकडे केलं. काँछी नोराच्या चिमट्याकडे बघत होती, डोळे न मिटता.

शेवटचे थोडे उरले तेव्हा नोराचा आवाज बदलला. ती आकडा म्हणाली. परत म्हणाली. फ्रँकने आपला आकडा सांगितला. दोघांचा एकच. विक्रमवाल्यांनी बांधलेल्या आकड्याच्या पुढे, थोडासाच, पण पुढे.

दाई रडले. काँछी रडली नाही. तिने आधी नोराच्या खांद्यावर हात ठेवला, मग सगळ्यांना विचारलं, "आता तरी वाढू का?"

हे म्हणाले, "काँछी, शर्यतीत तू एकटीच होतीस. पहिली येणारच."

ती म्हणाली, "भिनाजु, जो पहिल्यांदा शिखरावर गेला, त्याच्या आधी वर कोण बसला होता?"

काही महिन्यांनी विक्रमवाल्यांचं उत्तर आलं, मान्य झाला म्हणून. दाईंनी ते फ्रेम करून बिल घेतात तिथे लावलं. आता कोणी एव्हरेस्टचं विचारलं की ते त्या भिंतीकडे बोट दाखवतात. गिऱ्हाईक वाचतं, हसतं, मग मोमो मागवतं. दोन हातांचा विक्रम मात्र राहिला तो राहिलाच. त्या दिवशी हॉलमध्ये तो तिने केलाच होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या माहीत असण्याने काय होतं? तो आठवला की काँछी उठून दुसरं काम काढते. मग मीही विषय काढत नाही.

तिची पट्टी निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. हात बारीक झाला होता, आणि कातडी बाळाच्या पायासारखी नाजूक. मुंग्या गेल्या होत्या. चपळाई आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला, मऊ चेंडू दाबा. काँछी घरी आली आणि म्हणाली, चेंडू कशाला, पीठ दे.

मी लाटी लाटून दिली. तिने ती उजव्या हातात घेतली. अंगठा पुढे गेला आणि थांबला, काय करायचं ते विसरल्यासारखा. ती चिडली नाही. तिने दुसरी लाटी डाव्या हातात घेतली, उजव्याच्या शेजारी धरली, आणि हळूहळू एक चुणी घातली. मग थांबली. उजव्याने ती पाहून आपली घातली, वाकडी. परत डावा, परत उजवा. आता तिचा उजवा हात डाव्याकडून मोमो शिकतो आहे. रोज दुपारी दोघांची शाळा भरते, आणि मी दोघांनाही लाट्या पुरवते.